सोन्याच्या विटा आणि आमची वडाळ्याची वारी

आमच्या घरात हिला वारी म्हणायचं की नाही यावरूनच वाद आहे. मोठा भाऊ दरवर्षी रजा टाकून आळंदीहून पंढरपूरला चालत जातो, दिवेघाटातले फोटो टाकतो, त्याच्या मते आत्याची वारी म्हणजे मॉर्निंग वॉक. मशीद बंदरहून निघायचं आणि हार्बर लाईनच्या कडेकडेने वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत जायचं, आठ-नऊ किलोमीटर, मुक्काम नाही, रिंगण नाही, पाय दुखले तर बाजूला ट्रेन आहेच. आत्या त्याला काही बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली होती, "पंढरपूरच्या वाटेवर माझं काय हाय?" तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

२०२५ ला तिच्याबरोबर जायची पाळी माझ्यावर आली. नेहमी वहिनी असते, म्हणजे आत्याची सून, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि आत्याला ऐंशी पूर्ण, एकटीला कोण सोडणार. मी शेवटचा चाललो होतो तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तेही केळी आणि राजगिऱ्याच्या लाडवांसाठी. नंतर देवाशी थोडं बिनसलंच. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले, कोविडमध्ये, तोंडसुद्धा धड बघायला मिळालं नाही, आणि फोनवर जो तो म्हणायचा विठ्ठलाच्या मनात होतं. आधीच्या वर्षी विठ्ठलाकडे निघालेल्या पादुका एसटीने गेल्या होत्या, म्हणजे लॉकडाऊन देवालाही लागू होता, हे मला पटलं होतं, पण हे मनात असणं वगैरे काय मला पचलं नाही. तेव्हापासून देव्हाऱ्यासमोर उभा राहतो ते बायकोला बरं वाटावं म्हणून. खरं ते सांगतोय.

तर ६ जुलै, रविवार, पहाटे चारला चाळीच्या अंगणात. पाऊस म्हणजे नुसती भुरभुर, छत्री उघडली तर लाज वाटावी आणि मिटली तर भिजावं असला. पन्नासेक माणसं असतील, निम्म्या बायका, दोन मृदंग, एक वीणेकरी, आणि हातगाडीवर बांधलेला स्पीकर, जो मशीदच्या पुलाखालीच बंद पडला आणि सगळ्यांना बरंच वाटलं. आत्याच्या डोक्यावर तुळस नाही, डॉक्टरने मानेवर वजन नको सांगितलंय, तर तिने एक छोटं रोप प्लास्टिकच्या डब्यात घालून पिशवीत ठेवलेलं. "देवाला काय, पिशवीतनं पण दिसतं," म्हणाली.

निघाल्या निघाल्या पहिला बॅनर. त्या वर्षीचे बॅनर बघण्यासारखे होते. दरवर्षी विठ्ठल, खाली भावी नगरसेवकाचे हात जोडलेले आणि त्याच्या मागे पोरांचे पासपोर्ट साईझ फोटो. यावेळी विठ्ठलाच्या एका बाजूला क्षेपणास्त्र आणि दुसऱ्या बाजूला लढाऊ विमान. तेव्हा महापालिकेवर २०२२ पासून प्रशासक होता, निवडणूक कधी होईल ते विठ्ठलालाच माहीत, पण भावी लोक भावीच राहून थकत नव्हते. मी आत्याला म्हटलं बघ, देवाला पण संरक्षण खात्यात घेतला. ती म्हणाली चष्मा पिशवीत आहे, राहू दे.

त्याच दिवशी मोहरमची दहावी तारीख होती. डोंगरीच्या बाजूला काळे झेंडे, रात्रभर जागलेली काळ्या शर्टातली पोरं, आणि रस्त्याच्या कडेला सबील, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सरबत. करबलाला यझीदच्या फौजेने हुसेनच्या माणसांचं पाणी तोडलं होतं, त्या तहानेची आठवण म्हणून हे पाणी पाजतात. आमची दिंडी बघून एक पोरगा ग्लास घेऊन पुढे आला. आत्याने आधी चौकशी केली, यात काय काय हाय, माझा उपास हाय. तो म्हणाला दूध, शक्कर, रोझ, बस, अम्मा. आत्या प्यायली, मग म्हणाली गोड जास्त झालंय, आणि अजून एक ग्लास घेतला.

आणि मग आम्ही पी. डिमेलो रोडला लागलो, जुना फ्रियर रोड, आणि गोदीच्या गेटापाशी दिंडी थांबली.

हा थांबा कुठल्याच पत्रिकेत नसतो. चहा नाही, केळी नाही, मंडप नाही. एका बाजूला भिंत, डोक्यावर फ्रीवे, कडेला लावलेले ट्रक, आणि मध्ये उभी राहून पन्नास माणसं एक अख्खा अभंग म्हणतात. लहान असताना मला वाटायचं मृदंगवाल्याला लघवीला लागत असेल. आत्या भिंतीजवळ गेली, पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढली, तिचा तुकडा मोडून भिंतीच्या बुडाशी ठेवला आणि उभी राहिली. मी मोबाईल काढून तिचा फोटो काढायला गेलो तर गेटवरचा जवान ओरडला, फोटो नहीं, फोटो नहीं, सिक्युरिटी का मामला है. आता समोर फक्त एक म्हातारी आणि एक भिंत. ठीक आहे, त्याची ड्युटी. मी मोबाईल खिशात घातला.

आमचे आजोबा या भिंतीच्या आत गेले. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार.

गोदीचा स्फोट हा शब्द आमच्या घरात इतका वापरला गेलाय की लहानपणी मला ते एखाद्या सणाचं नाव वाटायचं. गोदीच्या स्फोटाआधी, गोदीच्या स्फोटानंतर. नंतर मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की काय भयंकर प्रकार होता. फोर्ट स्टिकीन नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज, फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालेलं, कराचीला थांबून १२ एप्रिलला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकला लागलं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, त्यात टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, वर कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड. म्हणजे चूल कशी रचावी ते सांगायला नको. शांततेच्या काळात असलं जहाज भर वस्तीला लागून धक्क्यावर आणूच दिलं नसतं, बाहेर समुद्रात मचव्यांत उतरवून घेतलं असतं, पण युद्ध चालू, नियम ढिले. धोक्याचा लाल बावटा लावायचा असतो, तोही नव्हता. दोन दिवस झाले तरी दारूगोळा आतच. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला कापसातून धूर दिसला. बंबांनी शेकडो टन पाणी ओतलं, आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, आणि जहाज खोल पाण्यात बाहेर न्यायचं की जागीच बुडवायचं यावर साहेब लोकांचं एकमत होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का उमटला. जलपद्म नावाच्या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसला. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, त्यांच्यासाठी अजून दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडा पाळतात, भायखळ्याला स्मारक आहे. एकूण माणसं किती गेली? आकडे ८०० पासून १३०० पर्यंत फिरतात. फिरतात म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही, कारण माथ्यावर ओझं वाहणाऱ्याची मोजदाद नव्हतीच. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला १९४८ ला. १९४४ ला मुकादमाने बोट दाखवलं तो त्या दिवशी कामावर.

आजोबा बदली कामगार होते, कायम नोकरी नाही. साताऱ्याकडचे, पावसाळ्याला गावी जाऊन शेती करायची आणि बाकीचे महिने गोदीत, हातात आकडा घेऊन गोणी ओढायच्या. आजीच्या पोटात तेव्हा आत्या, आणि मांडीवर माझे बाबा, तीन वर्षांचे. आजी भाकऱ्या थापत होती. पहिल्या आवाजाला कडाप्प्यावरची भांडी खाली आली, आणि सगळी चाळ ओरडत सुटली जपान आला, जपानने बॉम्ब टाकला, आणि लोक पोरंबाळं उचलून जिकडे रस्ता दिसेल तिकडे पळाले. आजी उलटी पळाली. गोदीकडे. पोलिसांनी अडवली. मग जेजे हॉस्पिटलच्या दारात दोन दिवस, मग परत गोदी. आग आटोक्यात यायलाच तीन दिवस लागले, आणि राडारोडा काढायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती.

आजोबांचं काहीच मिळालं नाही. काहीच म्हणजे काहीच नाही. आणि पुढे सरकारने नुकसानभरपाई दिली, ज्यांनी दावे लावले त्यांना, मालाचे, घरांचे, गोदामांचे. आजी एका कचेरीत गेली तर तिथल्या साहेबाने विचारलं नाव रजिस्टरात आहे का. रजिस्टर कुठलं? नोंद नाही म्हणजे तो माणूस आत होता याला पुरावा नाही, आणि मुकादम विचारावा तर मुकादमही त्यातच गेलेला.

आता खरी गोष्ट सोन्याची. त्या जहाजात सोनंही होतं. ३१ खोकी, एकेका खोक्यात चार चार विटा, एक एक वीट साडेबारा-तेरा किलोची. स्फोटात त्या विटा उडाल्या आणि मुंबईवर अक्षरशः सोन्याचा पाऊस पडला. मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून एक वीट तिसऱ्या मजल्यावर येऊन पडली, त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. बाकीच्या विटा पुढे वर्षानुवर्षं शोधल्या, गाळ काढताना अगदी १९७० च्या दशकापर्यंत सापडत होत्या, आणि सापडली की लिहून ठेवत होते कुठे सापडली, किती वजनाची. आजी हे पेपरात आलेलं ऐकायची. तिला वाचता यायचं नाही, बाबा वाचून दाखवायचे. बाबांनीच मला सांगितलं, की एकदा ती ऐकून एवढंच म्हणाली, "इटा मोजल्या व्हत्या म्हणून घावल्या."

आणि हे सगळं लपवलेलं, बरं का. युद्धकाळ म्हणून सेन्सॉर. बातमीदारांना बाहेर बातमी पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शत्रूला कळू नये हे कारण. आणि शत्रूने काय केलं? जपानच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, सगळी हकिगत सांगून टाकली. म्हणजे जपानला माहीत, जर्मनीला माहीत असणार. मग लपवलं कुणापासून? आजीपासून. तिला सगळे सांगत होते घरी जा, इथे काही झालेलं नाही, पाहणी चालू आहे.

आणि हे सरकार लढत कशासाठी होतं, तर स्वातंत्र्यासाठी. मला हे वाचताना हसूच येतं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने इथल्या एकाही माणसाला न विचारता हिंदुस्थान युद्धात आहे म्हणून जाहीर केलं. ऑगस्ट १९४१ ला चर्चिल आणि रुझवेल्टनी अटलांटिक सनद काढली, प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे वगैरे, आणि महिना व्हायच्या आत, ९ सप्टेंबरला, चर्चिलने पार्लमेंटात सांगून टाकलं की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे, हिंदुस्थानला ते लागू नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर चले जाव म्हणणारे सगळे आत. १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली तेव्हा धान्यासाठी जहाजं नाहीत म्हणून लंडनहून उत्तर, युद्धाला लागतात. जहाजं होती. त्यातलं एक आमच्या गोदीला लागलं, कापूस आणि तोफगोळे आणि सोनं घेऊन. आणि फुटलं तेव्हा गोदीतलं पन्नास हजार टनांवर धान्य जळालं, ज्या शहरात रेशनच्या रांगा लागत होत्या त्या शहरात.

हे सगळं मी आत्याला दरवर्षी नव्याने सांगतो. तिला पाठ आहे. ती म्हणते तू लय वाचतोस.

पण इथे माझंही एक सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण त्याच बॅनरवर जाऊन बसेन.

२०२५ च्याच मे महिन्यात, सात तारखेला, देशभर मॉक ड्रिल होतं ना, आदल्या रात्रीच ऑपरेशन सिंदूर झालेलं. मी आत्याकडे गेलो होतो. दुपारी चारला टीव्हीवर भोंगा वाजला. आत्याचा जन्म स्फोटानंतर पाच महिन्यांचा, तिने स्वतः काही ऐकलेलं नाही, पण भोंगा वाजला आणि तिने घड्याळाकडे बघितलं. चार. मग उठून गॅस बंद केला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री सगळी चॅनलं पेटलेली, कराची बंदर उद्ध्वस्त, नौदलाने उडवलं, ग्राफिक्समध्ये ज्वाळा, मागे तोच भोंगा. मी, म्हणजे हे सेन्सॉर-चर्चिल सांगणारा मी, रात्री साडेबाराला तो व्हिडिओ तीन ग्रुपवर टाकला, वर तिरंगा, जोडीला मुठी. फॅमिली ग्रुपवरही. सकाळी आत्याचा फोन. आत्या कधी ग्रुपवर लिहीत नाही, वहिनी वाचून दाखवते. म्हणाली, "ती कराचीची गोदी जळाली म्हणतात, ते तू टाकलंयस?" मी म्हटलं हो आत्या, धडा शिकवला. ती म्हणाली, "रात्रपाळीला माणसं असतील की रे आत."

मी म्हटलं आत्या, ते शत्रू आहेत. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

नंतर कळलं की कराचीचं बंदर जागच्या जागी आहे. एकानेही उडवलेलं नव्हतं. एखाद्या चॅनलने दिलगिरी वगैरे म्हटलं आणि लगेच दुसरा विषय. सरकारला चॅनलवाल्यांना लेखी सांगावं लागलं की बाबांनो बातम्यांत ते हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, लोकांना खरा भोंगा कळणार नाही. हे चांगलं केलं, पण त्याच आठवड्यात आठ हजारांवर अकाउंटं बंद करायला सांगितली असं एक्सवाल्यांनी जाहीर केलं, आणि ज्यांनी अख्खं बंदर जाळलं त्यांचं एकही बंद झाल्याचं ऐकलं नाही. खोटं आपल्या बाजूचं असलं की चालतं. आणि मग ३१ मे. आपली विमानं पडली का, हा प्रश्न जो विचारेल तो देशद्रोही, मी स्वतः एका शाळेतल्या मित्राला तसं लिहिलं होतं, आणि त्या दिवशी संरक्षण दल प्रमुखांनी सिंगापूरला परदेशी चॅनलच्या मुलाखतीत मान्य केलं की सुरुवातीला नुकसान झालं. लढाई चालू असताना सगळं सांगता येत नाही हे मलाही कळतं, मी काही तेवढा बावळट नाही. पण तेव्हा सायगावहून कळलं, आता सिंगापूरहून. आपल्याला आपल्याच घरातलं नेहमी शेजारच्या गल्लीतून का कळावं? त्या मित्राला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. ग्रुप सोडून गेला तो.

तर हे सगळं डोक्यात घोळत होतं आणि दिंडी माझगाव सोडून रे रोडला आली. पाऊस वाढला. नव्या केबलच्या पुलाखाली सगळे थांबले, कुणीतरी शेंगदाण्याचे लाडू काढले. मी आत्याला विचारलं, गेटवर थांबायची पद्धत कुणी सुरू केली. मला वाटलं होतं मंडळाने, श्रद्धांजली म्हणून.

"आईनं," म्हणाली. "ती आधी कुठं वारीबिरी करायची. माझ्या बापाच्या गळ्यात माळ होती, तिच्या नाय. बाप गेल्यावर ती रोज गेटावर जाऊन बसायची, मी पोटात, आनि हवालदार उठवायचा, चल बाई, युद्ध हाय, इथं बसायचं नाय. झालं मग पुढच्या वर्षीच्या आषाढीला चाळीची दिंडी वडाळ्याला निघाली, ती मला पाठीला बांधून त्यात घुसली. गेटासमोर आल्यावर वीणेकऱ्याला म्हणाली, थांबा, एक अभंग म्हणा. आता दिंडीला कोण उठवनार? हवालदारानं पन हात जोडले."

"म्हणजे ती विठ्ठलासाठी जायचीच नाही?"

"जायची की. गेटावरून रस्ता कुठं जातो? वडाळ्यालाच ना?"

मी गप्पच झालो. इतकी वर्षं मला वाटत होतं की आजीची काय ती श्रद्धा, नवरा गेला तरी देव सोडला नाही, आणि मी बघा, बाप गेला तर रुसून बसलोय. मला माझी लाज वाटायची त्यावरून, आणि थोडा रागही यायचा, की असल्या देवाच्या पाया कसं पडवतं हिला. आणि ही बाई सरळ देवाच्या आडोशाने पोलिसांच्या समोर जाऊन उभी राहत होती. आता ह्याला भक्ती म्हणायचं की काय म्हणायचं, मोठ्या भावाला विचारायला पाहिजे, तो कीर्तनं ऐकतो.

कॉटन ग्रीनला कापसाची जुनी गोदामं, शिवडीला अटल सेतूकडे जाणाऱ्या गाड्या, आणि शिवडीपासून वडाळ्यापर्यंत रस्ताभर दिंड्याच दिंड्या, लालबागच्या, परळच्या, घोडपदेवच्या, शाळेच्या पोरांच्या, छोटे छोटे विठ्ठल-रखुमाई, एकाच्या मिशीचा रंग पावसाने गळ्यापर्यंत आलेला. विठ्ठलाला मिशी कुणी काढली देव जाणे. चालताना मी टाळ घेतले होते हातात, कधी घेतले ते आठवत नाही, पण ज्ञानोबा तुकाराम म्हणताना आपोआप पाय पडतात, मनात काहीही असो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

वडाळ्याला साडेसातच्या आसपास पोचलो आणि रांग बघून माझा जीव गेला. कात्रक रोडवरून वळसे घेत पार कुठे मागे. स्वयंसेवक म्हणाला साडेचार तास. ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग आहे असं कळलं, त्यात घुसलो, ती दोन तास. पाऊण रांग झाली आणि सगळं थांबलं. वीस मिनिटं, अर्धा तास. साहेब आलेत. कुठले साहेब ते नाव नाही घेत, त्यांचा बॅनर सकाळीच बघितला होता, क्षेपणास्त्रवाला. दर्शन घेऊन बाहेर आले आणि माईकवर बोलले, विठुरायाच्या कृपेने आपल्या जवानांनी शत्रूला पाणी पाजलं, आणि ही वेळ प्रश्न विचारायची नाही, एकजुटीची आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांपूर्वी मीही वाजवल्या असत्या. पाणी पाजलं म्हटल्यावर मला पहाटेचा तो सबीलवाला पोरगा आठवला.

आत्या फुटपाथवर बसली होती, चपला काढून, पाय चोळत. मला म्हणाली, "हे कायम अशेच बोलतात काय रे?"

म्हटलं हो.

"आईला पन असंच सांगितलं व्हतं. ही येळ नाय म्हणून. कधी असते ती येळ, ते एकदा त्याला विचार जा."

मी उठलो नाही. खोटं कशाला सांगू, साहेबांभोवती बाउन्सर होते आणि मला नोकरी आहे.

गाभाऱ्यात तीन सेकंद. पुढे चला, पुढे चला, मोबाईल नको. मी पहिल्यांदा विठ्ठलाच्या तोंडाकडे न बघता खाली बघितलं, विटेकडे. पुंडलिकाने म्हणे आईबापाचे पाय चेपत असताना ही वीट मागे फेकली आणि देवाला सांगितलं, थांब जरा, मला काम आहे. देव थांबला. फुलांनी झाकलेली होती, दिसली पण नाही नीट. आत्याने वाकून फुलं बाजूला सारली, बोटं टेकवली, पुजाऱ्याने हलकेच ढकललं, झालं. मला काही वाटलं का? नाही वाटलं. डोळ्यात पाणीबिणी काही नाही. फक्त मनात आलं की ही एक वीट कुणी वजन करून लिहून ठेवलेली नाही.

परत येताना वडाळा रोडहून ट्रेन. रविवार, गर्दी कमी, आत्याला खिडकी मिळाली, गोदीच्या बाजूची. तिकडून काही दिसत नाही, भिंती, गोदामं, मध्येच एखादी क्रेन. तिने पिशवीतून तुळशीचं रोप काढून बघितलं, जगेल म्हणाली. मी मोबाईल उघडला, त्या मित्राचं नाव काढलं, दोन ओळी टाईप केल्या, पुसल्या, परत टाईप केल्या. रे रोड आलं.

"उद्या द्वादशी," आत्या म्हणाली. "सकाळी पारणं सोडायचं. बाजरीच्या भाकऱ्या करनार हाय. पहिला घास गेटावर ठेवून येते मग आपन खायचं. तुझं हापिस किती वाजता?"

म्हटलं साडेनऊ.

"मग सातला ये. आनि येताना लोणी आण."